इंजिन बदललं, जीप तीच?

गाडीच्या आरसी बुकात दोन नंबर असतात. एक चासीचा आणि एक इंजिनाचा. मालकाचं नाव, रंग, इंधन, आसनक्षमता या गर्दीत ते शेजारी-शेजारी बसलेले असतात. आपण ते फार तर दोनदा वाचतो, गाडी घेताना आणि विकताना. सरकारच्या दृष्टीने मात्र गाडी म्हणजे ही जोडी. चोरीची तक्रार असो, विम्याचा दावा असो की कोर्टातला खटला, ओळख पटते ती या दोन नंबरांवरून.

जुन्या जीपवर जीव असलेल्या माणसाच्या आयुष्यात एक दिवस येतो, जेव्हा ही जोडी फोडायची वेळ येते. इंजिन ऑइल प्यायला लागतं, धूर ओकतं, घाटात दम टाकतं. मेकॅनिक म्हणतो, “बांधून देतो साहेब, पण पार्ट मिळतील याची गॅरंटी नाही. त्यापेक्षा दुसरं टाका.”

दुसरं म्हणजे कुठलं? मित्रांकडे उत्तरं तयार असतात. एक म्हणतो, बोलेरोचं डीआय टाक, कुठल्याही गावात दुरुस्त होईल. दुसरा म्हणतो, जुन्या काँटेसाचं इसुझू पेट्रोल शोध, लोण्यासारखं चालतं. तिसऱ्याला कॉमन रेल डिझेल हवं असतं, कारण टाकायचंच तर दणक्यात टाकावं. आणि त्यातला सगळ्यात वयस्कर माणूस म्हणतो, काही टाकू नकोस, आहे तेच बांध.

वरवर हा प्रश्न सीसी, टॉर्क आणि बजेटचा आहे. मला तो निम्मा नैतिक वाटतो. इंजिन निवडताना आपण नकळत तीन गोष्टी ठरवत असतो: ही गाडी म्हणजे काय, तिच्यातलं काय टिकवायचं, आणि जे बदललं त्याचा जाब कोणी द्यायचा. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि गॅरेजमध्ये तोच सहसा निघत नाही.

ताकद कुठे जाते

आधी सगळ्यात लाडक्या उत्तराकडे बघू: जास्त ताकदीचं इंजिन.

जुनी सीजे-३बी जीप घ्या, आपल्याकडे वर्षानुवर्षं बनलेली. तिच्या तीन गिअरच्या गिअरबॉक्सचं पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण २.८. ट्रान्सफर केस ‘लो’मध्ये टाकली की २.४६. एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार करा, सुमारे ३७ येतो. म्हणजे इंजिनाने १५० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर हिशेबाने चाकांकडे साडेपाच हजारांच्या वर पोचतो. घर्षणात काही जातो, तरी आकडा मोठाच राहतो. चिखलातून ही साधी जीप मुंगीच्या चालीने वर येते, त्यामागे हा गुणाकार आहे. ताकद तिच्यात आधीपासून होती, फक्त ती इंजिनात कमी आणि गिअरमध्ये जास्त होती.

आता याच गाडीत ३०० न्यूटन-मीटरचं इंजिन टाका. आकडा अकरा हजारांच्या पलीकडे जातो. चाक मोकळं फिरत असेल तर काही होत नाही. पण चिखलात फिरणारं चाक अचानक दगडाला पकडलं, की तो सगळा जोर सगळ्यात कमकुवत जागा शोधतो. कधी एक्सल शाफ्ट, कधी युनिव्हर्सल जॉइंट, कधी गिअरबॉक्सचे दात. मग तुम्ही एक्सल बदलता. एक्सल बदलला की प्रॉपेलर शाफ्ट बदलतो, मग स्प्रिंगा, मग स्टिअरिंग. आपल्याकडे याला सुटसुटीत शब्द आहे: अंगापेक्षा बोंगा मोठा.

ब्रेकचं गणित तर आणखी कडक आहे. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ताशी ४०ने चालणारी गाडी थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या चौपट ताशी ८०ला. नव्या इंजिनाला हे माहीत नसतं. त्याचं काम ढकलणं. थांबवायचं काम त्याच जुन्या ड्रमांकडे राहतं, आणि समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाला तुमच्या बॉनेटखाली काय बदललंय याची कल्पना नसते.

गाडी म्हणजे भागांमधला एक करार असतो. किती जोर लावायचा, कोणी किती सोसायचं, कुठे थांबायचं हे सगळं ठरलेलं. इंजिन बदलणं म्हणजे त्या करारातला सगळ्यात मोठा आवाज बदलणं. बाकीचे भाग गप्प असतात म्हणून त्यांची संमती आहे असं धरून चालत नाही.

‘ओरिजिनल’ची गोष्ट

दुसऱ्या टोकाला शुद्धतावादी असतात. त्यांच्या मते कंपनीने दिलं तेच खरं, बाकी सगळी भेसळ. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जीपचा इतिहास त्यांच्या बाजूने उभा राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपमध्ये २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं ‘गो-डेव्हिल’ पेट्रोल इंजिन होतं. त्यात सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला. पुढे विलीजने तेवढ्याच सीसीचं ‘हरिकेन’ इंजिन आणलं. त्यात आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना. मग १९५३च्या सीजे-३बीमध्ये कंपनीने बॉनेटच उंच केलं. आज जिला आपण लांबून ओळखतो, ती उंच कपाळाची ‘ओरिजिनल’ जीप दिसते तशी का? तर आत दुसरं इंजिन बसवायचं होतं म्हणून. तिचा चेहराच मुळात इंजिन बदलल्याची खूण आहे.

मुंबईत जीपची जुळणी सुरू करणाऱ्या कंपनीचंही तेच. १९४५मध्ये ती ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झाली. मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. आद्याक्षरं तीच राहिली. याच कंपनीने पुढे जीपच्या अंगात प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं, आणि एमएम ५४० नावाची गाडी खेड्यापाड्यांत पोचली. फ्रेंच इंजिन, अमेरिकन सांगाडा, मराठी वडाप. तिला कोणी नकली म्हटलं नाही.

मग कंपनीने केलेला बदल अस्सल आणि गल्लीतल्या गॅरेजने केलेला नकली, असं का? एक उत्तर प्रतिष्ठेचं आहे, ते सोडून देऊ. दुसरं उत्तर जास्त खरं आहे. कंपनीने बॉनेट उंचावलं तेव्हा बाकीच्या गाडीचाही हिशेब केला, तो कागदावर मांडला, आणि काही चुकलं तर लोकांनी कोणाचं दार वाजवायचं हे गाडीवरच्या नावात लिहिलेलं होतं. फरक हिशेबाचा आणि दाराचा आहे.

रथ कुठे आहे?

‘भाग बदलले तरी वस्तू तीच का’ हा प्रश्न जुना आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट लिहून ठेवली. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज का, यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात मिरची टाकली: काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं?

जीपवाल्यांना हा प्रश्न काल्पनिक वाटणार नाही. तुमचं काढलेलं इंजिन कोणीतरी घेतं, बांधतं आणि दुसऱ्या जीपमध्ये टाकतं. आता ‘तुमची’ जीप कुठे आहे? दोन ठिकाणी?

आपल्याकडची गोष्ट याहून जवळची आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मिनँडर म्हणजे मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा आणि नागसेन हा भिक्खू यांचा संवाद आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाला या राजाचं नाव आहे, आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? जू? लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी दोघं या ठिकाणी येतात, की हे सगळे भाग एका रीतीने एकत्र आले की त्याला ‘रथ’ हे नाव लागतं. रथ नावाचा वेगळा गाभा आत कुठे लपलेला नसतो.

हे पटलं की ‘इंजिन म्हणजे गाडीचं हृदय’ हे वाक्य थोडं सैल पडतं. हृदय बदललं म्हणून माणूस बदलला असं तरी आपण कुठे म्हणतो? हृदयप्रत्यारोपण झालेला माणूस घरी येतो, त्याच बायकोचा नवरा असतो, त्याच बँकेचा कर्जदार असतो.

उलट उदाहरण ओडिशात आहे. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी होतो. अलीकडे १९९६ आणि २०१५मध्ये झाला. कडुनिंबाच्या नव्या लाकडातून मूर्ती घडवतात, आणि जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ रात्री, डोळ्यांवर पट्टी बांधून, नव्या मूर्तीत ठेवतात. इथे अंग बदलतं, आतलं राहतं. जीपमध्ये आतलं बदलतं, अंग राहतं. दोन्हीकडे लोक म्हणतात, तोच, तीच. म्हणजे ‘तेच’पण ठरावीक भागात बसलेलं नसतं. पुरीत ते टिकतं, कारण बदल कोणी करायचा, कसा करायचा, जुन्याचं काय करायचं हे ठरलेलं आहे आणि ते पाळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत.

आंबे चोरणारा

‘मिलिंदपञ्हा’तच एक आंबाचोर आहे, आणि मला तो रथापेक्षा मोलाचा वाटतो.

एकजण दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरतो. पकडल्यावर सांगतो: मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते वेगळे. मग मी त्याची चोरी कशी केली? नागसेन विचारतो, हा माणूस सुटेल का? राजा म्हणतो, नाही. ते आंबे त्या लावलेल्या आंब्यामुळेच आले.

वस्तू तीच राहिली नाही, तरी देणं राहिलं. इंग्लंडमध्ये जॉन लॉक सतराव्या शतकाच्या शेवटी वेगळ्या वाटेने याच्या जवळ आला. माणसाची ओळख म्हणजे काय या चर्चेत तो म्हणतो, की ‘व्यक्ती’ हा मुळात न्यायनिवाड्याचा शब्द आहे. केलेल्या कर्माचं श्रेय आणि दोष कोणाच्या खात्यावर लिहायचा, यासाठी तो लागतो.

आता जीपकडे परत या. ‘इंजिन बदलल्यावर ही तीच जीप का?’ याचं उत्तर लोखंडात शोधलं तर सापडणार नाही. तीच नंबरप्लेट लावून तुम्ही रस्त्यावर येता, तेव्हा ‘ही तीच आहे’ असं तुम्हीच सगळ्यांना सांगत असता. मागे बसलेल्या मित्राला, चौकातल्या हवालदाराला, विमा कंपनीला, उद्या ती विकत घेणाऱ्याला. हे विधान कमी आणि वचन जास्त आहे. म्हणून इंजिन निवडायची माझी कसोटी एवढीच: ज्याच्यासह हे वचन पाळता येईल, ते इंजिन.

कोणाकोणाला उत्तर द्यायचं

पहिला माणूस, ज्याच्याकडून इंजिन आलं. या व्यवहारात दुसऱ्या गाडीला ‘डोनर’ म्हणतात. शब्द उदात्त आहे, पण गाडी दान करत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुन्या पार्टांचा मोठा, राबता बाजार आहे, आणि त्यामुळे लाखो गाड्या चालत्या राहतात. पण प्रत्येक इंजिनाला भूतकाळ असतो. अपघातात मोडलेल्या गाडीचं असेल, मोडीत काढलेल्या गाडीचं असेल, चोरीच्या गाडीचंही असू शकतं. ज्याचा नंबर खोडलेला आहे, ज्याचं बिल मिळत नाही, ते इंजिन स्वस्त पडतं कारण त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी आधीच भरलेली असते. तो आंबाचोराचाच बचाव झाला.

दुसरा, पुढचा मालक. इंजिन बदलल्याचं न सांगता जीप विकणं म्हणजे आपलं वचन त्याच्या गळ्यात बांधून पळ काढणं. नंबर जुळत नाहीत हे त्याला कळतं ते ट्रान्सफरच्या वेळी किंवा अपघातानंतर विम्याचा माणूस आल्यावर.

तिसरा, कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२चा गाभा असा, की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या इंधनबदलाला अटींसह वाट आहे. जानेवारी २०१९मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे लावला. त्यामुळे मनाला येईल ते इंजिन टाकून ते कागदावर चढवणं फार अवघड आहे. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बसवणं, ही सगळ्यात सरळ वाट.

इथे जीपवाले चिडतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. माझी गाडी, माझा पैसा, माझी हाडं. मी ती डोंगरात चालवतो, कोणाच्या दारात नाही. शिवाय कायदा आंधळा आहे: ज्याने ब्रेक, एक्सल, रेडिएटर सगळं विचारपूर्वक बदललं आणि ज्याने फक्त दणदणीत इंजिन कोंबलं, त्या दोघांना तो एकाच मापाने मोजतो. वर ज्याची गाडी कागदावर शंभर टक्के मूळची, पण ब्रेक सपाट झालेले, तो मोकळा फिरतो. हे सगळं खरं आहे.

तरीही ‘माझी हाडं’ हा युक्तिवाद डोंगरापर्यंत पोचत नाही, कारण डोंगरापर्यंत पोचायला हायवे लागतो. तिथे इतरांची हाडं असतात. डोंगरातही विंचचा दोर धरणारा मित्र असतो, शेजारच्या सीटवर भाची असते. कायदा ढोबळ आहे, याचा अर्थ तो बदलण्यासाठी भांडावं. तपासणी करून, जबाबदार अभियंत्याच्या सहीने बदल नोंदवता यावेत ही मागणी रास्त आहे. पण ती मागणी उघडपणे करणारा आणि चोरून इंजिन टाकून नंबर घासणारा, हे दोघं एका बाजूला नाहीत. पहिल्याला जाब द्यायचा आहे. दुसऱ्याला टाळायचा आहे. जे इंजिन कागदावर येऊ शकत नाही, ते खासगी रानात, ट्रेलरवरून नेऊन चालवा. सार्वजनिक रस्त्यावर नको. हे कडू आहे, पण याहून गोड उत्तर मला प्रामाणिक वाटत नाही.

चौथी, हवा. जुनं डिझेल स्वस्त आणि अमर असतं, पण त्याचा काळा धूर मागच्या रिक्षातल्या मुलाच्या छातीत जातो. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

मानेभंज्यांगची निवड

ही निवड शहाणपणाने कशी होते, हे दिसतं दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगला. संदकफूच्या ट्रेकला जाणाऱ्या मराठी पोरांनी ते गाव पाहिलेलं असतं. तिथून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर माणसं आणि सामान वाहत आल्या. त्यातल्या अनेकींच्या पोटात मूळचं ब्रिटिश इंजिन उरलेलं नाही, देशी डिझेल आहे.

तिथल्या चालकांना कशाची गरज होती? वेगाची नाही. दगडांच्या चढावर कमी फेऱ्यांत मिळणारा जोर, सिलिगुडीत मिळणारे पार्ट, आणि थंडीत, धुक्यात, रस्त्याच्या कडेला एका माणसाला साध्या पान्यांनी उघडता येईल असं यंत्र. जास्त सेन्सर असलेलं इंजिन कदाचित जास्त चांगलं असेल, पण वाटेत बंद पडलं तर ते तिथे कोणाचंच ऐकत नाही. ज्याची रोजी त्या गाडीवर आहे, तो स्वतः ज्याची जबाबदारी घेऊ शकतो ते इंजिन घेतो. हौशी माणसाकडे पैसा जास्त असतो आणि परिणाम कमी असतात, म्हणून त्याची निवड बहुधा भरकटते.

यातून त्या चौथ्या, वयस्कर मित्राचं म्हणणंही समजतं. आहे तेच बांध. बोअर कर, स्लीव्ह टाक, क्रँक ग्राइंड कर, रिंगा-पिस्टन नवे घाल. तो जुन्याच्या प्रेमात असेलही. पण तो असंही सांगतोय, की या गाडीचे बाकीचे भाग या इंजिनाला ओळखतात, आणि नवा करार लिहिण्याआधी जुना दुरुस्त होतो का ते बघ. बऱ्याचदा होतो. जेव्हा खरंच होत नाही, पार्टच संपलेले असतात, तेव्हा बदल हा हट्ट राहत नाही, ती जपणूक होते.

म्हणून गॅरेजमध्ये शिरण्याआधी हॉर्सपॉवरच्या तक्त्याशेजारी तीन साधे प्रश्न लिहून ठेवावेत. हे इंजिन कुठून आलं, हे मी बिलासह सांगू शकतो का? त्याचा जोर बाकीची गाडी सोसू शकते आणि थांबवू शकते का? आणि बॉनेट उघडून कोणीही विचारलं, पोलिसाने, गिऱ्हाइकाने, मागे बसणाऱ्याच्या आईने, तर मी सगळं खरं सांगू शकतो का? तिन्हींना ‘हो’ आलं, तर ते इंजिन १०० हॉर्सपॉवरचं आहे की ६०चं याने फारसं बिघडत नाही. एकालाही ‘नाही’ आलं, तर आणखी थोडे दिवस शोधावं. जीप तोवर शेडमध्ये उभी राहील. तिला सवय आहे.